इन्व्हर्टरचे मॉसफेट सारखे उडतात? आधी बॅटरीची वायर तपासा

औंढा नागनाथ भागातल्या एका तरुण शेतकऱ्याचा प्रश्न आहे. आखाड्यावर (शेतातल्या शेडवर) रात्री थांबावं लागतं, लाईटचा भरवसा नाही, म्हणून त्यांनी स्वतःच १२ व्होल्टचा इन्व्हर्टर बनवला आहे. पल्स देणारा एसजी ३५२५ आयसी, एका बाजूला दोन असे एकूण चार आयआरएफ ३२०५ मॉसफेट (बॅटरीचा करंट झटपट चालू-बंद करणारे ट्रान्झिस्टर), भंगारात मिळालेल्या अँप्लिफायरचा १२-०-१२, १० अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर आणि ट्रॅक्टरची जुनी बॅटरी. बॅटरी शेडच्या बाहेर, सर्किट आत, आणि मधे दहा-दहा फुटांच्या दोन साध्या एक एमएमच्या वायरी. लोड नसताना मीटर २३२ व्होल्ट दाखवतो. १०० वॉटचा पिवळा बल्ब आणि टेबल फॅन लावला की १७८ वर येतो, पंखा घूं घूं करतो आणि एका बाजूच्या मॉसफेटला हात लावता येत नाही. टीव्ही लावताना दोनदा मॉसफेट फुटले. त्यांनी विचारलंय, ‘सर, चारऐवजी आठ मॉसफेट लावू का, की ३२०५ पेक्षा मोठा नंबर घेऊ?’

आठ लावू नका आणि नंबरही बदलू नका. मी परभणीत गेली वीस-बावीस वर्षं इन्व्हर्टर आणि यूपीएस दुरुस्त करतोय. माझ्याकडे येणाऱ्या दहा घरगुती बनावटीच्या इन्व्हर्टरपैकी सात-आठ जणांचा प्रश्न हाच असतो, आणि मॉसफेट वाढवून त्यातला एकही सुटलेला मला आठवत नाही. तुमचं सर्किट माझ्यासमोर नाही, त्यामुळे खाली जिथे अंदाज आहे तिथे तसं सांगतो. पण मॉसफेट का तापतात आणि व्होल्टेज का पडतं, या दोन गोष्टी बऱ्याच अंशी आकड्यांतच दिसताहेत.

आधी मॉसफेटचं बघू. आयआरएफ ३२०५ पूर्ण चालू असताना ड्रेन ते सोर्स, म्हणजे करंट जायच्या दोन पायांमधला, रोध जास्तीत जास्त ८ मिलिओहम असतो. दोन समांतर म्हणजे ४ मिलिओहम. तुमचा बल्ब आणि पंखा मिळून बॅटरीतून चौदा-पंधरा अँपिअर ओढत असणार. १५ अँपिअर ४ मिलिओहममधून गेले तर ड्रॉप ६० मिलिव्होल्ट आणि उष्णता ०.९ वॉट. तीही दोन्ही बाजूंत वाटली जाते, कारण एक बाजू चालू असते तेव्हा दुसरी बंद असते. मॉसफेट तापला की रोध वाढतो, म्हणून दीडपट धरा, दुप्पट धरा. तरी चार मॉसफेटमध्ये मिळून दोन वॉट होत नाहीत. एवढ्यावर हीटसिंक नुसता कोमट लागायला पाहिजे. हात लावता येत नाही याचा अर्थ तिथे याच्या कितीतरी पट वॉट जळताहेत, आणि ते मॉसफेटच्या संख्येमुळे जळत नाहीत. एक तर गेटला (चालू-बंद करणाऱ्या पायाला) पूर्ण व्होल्टेज मिळत नाही आणि मॉसफेट अर्धवट चालू राहतो, नाहीतर ट्रान्सफॉर्मरचा कोअर (लोखंडी गाभा) चुंबकत्वाने एका अंगाला भरत जातो, नाहीतर मॉसफेटच बनावट आहे. आठ लावले तर आयसीला दुप्पट गेट भरावे लागतील, म्हणजे पहिला त्रास आणखी वाढेल.

आता व्होल्टेज. २३२ वरून १७८ म्हणजे ५४ व्होल्ट गेले. ते कुठे गेले याचा हिशेब मांडू या, कारण सगळं उत्तर या हिशेबात आहे.

तुमची वायर एक एमएमची, म्हणजे एक चौरस मिलिमीटर तांबं. अशा तांब्याचा रोध मीटरमागे साधारण १७ मिलिओहम. दहा फूट जायला आणि दहा फूट यायला, म्हणजे सहा मीटर, म्हणजे जवळजवळ १०० मिलिओहम. तुमच्या मॉसफेटच्या जोडीपेक्षा पंचवीस पट जास्त. त्यातून १५ अँपिअर गेले की दीड व्होल्ट वायरमध्येच राहिला. १२ मधून दीड गेला हे ऐकायला फार वाटत नाही, पण तुमच्या ट्रान्सफॉर्मरची पट १८ च्या आसपास आहे. १२-०-१२ लिहिलेला ट्रान्सफॉर्मर २३० दिल्यावर रिकामा असताना एका बाजूला १३ च्या पुढेच देतो, कारण बनवणारा लोडवरची घट धरून वेढे जास्त घालतो. आपण तोच उलटा चालवतो, म्हणून १९ ऐवजी १८ पट मिळते. दीड व्होल्टाचे अठरा पट म्हणजे २७ व्होल्ट. ५४ मधले निम्मे इथेच सापडले. शिवाय त्या दोन वायरी मिळून २२-२३ वॉट उष्णता बाहेर टाकताहेत. रात्री लोड लावून दहा मिनिटांनी वायर मुठीत धरून बघा, कोमट लागेल.

उरलेल्यापैकी आठ-नऊ व्होल्ट बॅटरीचे. जुनी बॅटरी १५ अँपिअरवर अर्धा व्होल्ट सहज खाली बसते, आणि अर्ध्या व्होल्टाचे अठरा पट तेवढेच होतात. बाकीचे पंधरा-अठरा ट्रान्सफॉर्मरच्या स्वतःच्या वायंडिंगचे. अँप्लिफायरच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये पूर्ण लोडवर सात-आठ टक्के घट ही नेहमीची गोष्ट आहे, त्याला दोष देता येत नाही.

मीटरबद्दलही सांगायला हवं, कारण त्याने भल्याभल्यांना फसवलंय. स्वस्तातला साधा मल्टिमीटर खरा आरएमएस, म्हणजे लोडला प्रत्यक्ष मिळणारं परिणामी व्होल्टेज, मोजत नाही. तो सरासरी मोजतो आणि लहर साइनच आहे असं धरून १.११ ने गुणून दाखवतो. तुमची लहर चौकोनी आहे आणि फीडबॅक (आउटपुट बघून पल्स कमी-जास्त करणं) नसल्यामुळे पल्स जवळजवळ पूर्ण रुंदीची असणार. अशा लहरीवर तो पाच ते दहा टक्के जास्त दाखवतो, म्हणजे तुमचे २३२ खरे २१०-२१५ असावेत. उलटही होतं. ज्या इन्व्हर्टरमध्ये पल्सची रुंदी निम्मी आणि शिखर ३२५ व्होल्ट असतं, तिथे खरे २३० असताना हाच मीटर १८० दाखवतो. मग माणूस प्रीसेट (आउटपुट कमी-जास्त करायचा छोटा रेझिस्टर) फिरवून मीटरवर २३० आणतो आणि घरातले चार्जर जाळून बसतो. म्हणून आउटपुटच्या आकड्यावर फार भिस्त ठेवू नका. १२ व्होल्टच्या बाजूचं डीसी रीडिंग मात्र हाच स्वस्त मीटर बरोबर देतो, आणि दोष शोधायला तीच बाजू लागते.

ते कसं शोधायचं ते सांगतो. मीटर डीसी २ व्होल्टवर ठेवा, लोड चालू करा. एक टोक बॅटरीच्या प्लसच्या शिशाच्या खांबावर टेकवा, क्लॅम्पवर नको, खांबावरच. दुसरं टोक ट्रान्सफॉर्मरच्या सेंटर टॅपवर, म्हणजे १२-०-१२ मधल्या ० च्या तारेवर. जे दिसेल तो तुमच्या प्लस वायरचा, क्लॅम्पचा, फ्यूजचा आणि सगळ्या जोडांचा मिळून ड्रॉप. मग तसंच मायनसच्या खांबापासून मॉसफेटच्या सोर्सच्या पायापर्यंत. १५ अँपिअरवर दोन्ही मिळून ०.१५ च्या आत यायला पाहिजेत. जास्त आले तर टोक पुढे सरकवत या: खांबापासून क्लॅम्प, क्लॅम्पपासून लग (वायरीच्या टोकाची चकती), लगपासून फ्यूज, फ्यूजपासून बोर्ड. ज्या दोन ठिपक्यांत आकडा उडी मारतो तिथे दोष. या कामाला ना ऑसिलोस्कोप लागतो ना कुठलं महागडं यंत्र.

क्लॅम्पवर नको असं मी मुद्दाम म्हणालो. २००५ नंतरच्या काही वर्षांत आपल्याकडे खेड्यांत दहा-दहा, बारा-बारा तास लाईट नसायची, तेव्हा दुकानात इन्व्हर्टरची रांग असायची. एका किराणा दुकानदाराचा इन्व्हर्टर माझ्याकडे तीनदा मॉसफेट उडून आला. तिन्ही वेळा मी मॉसफेट बदलले, टेबलावर माझ्या बॅटरीवर दोन तास चालवून दाखवला आणि पैसे घेतले. चौथ्यांदा त्यांच्या दुकानात गेलो. मायनसच्या क्लॅम्पखाली पांढरा-हिरवा थर बसलेला, नट हाताने फिरत होता आणि क्लॅम्प एवढा तापलेला की बोटाला चटका बसला. गरम पाण्याने थर धुतला, खांब पॉलिश पेपरने घासला, नट आवळला, वर व्हॅसलीन लावलं. त्यानंतर तो इन्व्हर्टर मॉसफेटसाठी परत आला नाही. माझ्या टेबलावर तो क्लॅम्प कधीच नव्हता, म्हणून मला तो दोष दिसला नाही. आधीचे तीन वेळचे पैसे मी घ्यायला नको होते, हे मला आजही वाटतं. तेव्हापासून मी बॅटरीच्या खांबापासून सुरुवात करतो.

तुमच्याकडे इलाज सोपा आहे. बॅटरी सर्किटजवळ आणा, दोन फुटांच्या आत, आणि १० एमएमची मऊ, अनेक तारांची वायर घाला. चार फूट तांब्याचा रोध दोन मिलिओहमच्या आसपास येईल, १५ अँपिअरवर तीन शतांश व्होल्ट. टोकांना तांब्याचे लग नीट दाबून बसवा. नुसती तार नटाभोवती गुंडाळू नका, आणि मगरचिमटे तर अजिबात नकोत. प्लसच्या खांबापासून वीतभर अंतरावर ३० अँपिअरचा गाडीचा फ्यूज घाला. बॅटरी जवळ आणायची तर शेडला हवा खेळती पाहिजे, कारण चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो. बंद पेटीत बॅटरी आणि सर्किट एकत्र ठेवू नका.

आता टीव्हीवर मॉसफेट का फुटले. टीव्हीच्या आत एसएमपीएस (टीव्हीचा पॉवर सप्लाय) असतो, त्यात एक मोठा कपॅसिटर. तो रिकामा असताना चालू केला की क्षणभर जवळजवळ शॉर्टसारखा करंट ओढतो. तुमच्या लांब बारीक वायरीत त्या क्षणी दोन गोष्टी घडतात. पहिली, बोर्डावरचं १२ व्होल्ट सात-आठपर्यंत आपटतं. आयसीला त्याच ठिकाणाहून सप्लाय आहे, म्हणून गेटला दहाऐवजी पाच-सहा व्होल्टच मिळतात. आयआरएफ ३२०५ ला पूर्ण चालू व्हायला दहा व्होल्ट लागतात. पाचवर तो अर्धवट उघडा राहतो आणि नेमका त्याच वेळी सर्वात जास्त करंट वाहत असतो. दुसरी, मॉसफेट बंद होताना वायरीच्या इंडक्टन्समुळे आणि ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय गळतीमुळे ड्रेनवर उसळी येते. पुश-पुलमध्ये, म्हणजे दोन बाजू आळीपाळीने चालतात अशा रचनेत, बंद बाजूच्या ड्रेनवर एरवीच बॅटरीच्या दुप्पट, म्हणजे चार्जिंग चालू असताना २८ व्होल्ट असतात. उसळी त्याच्यावर चढते. मॉसफेट ५५ व्होल्टचा आहे, तेवढी मर्यादा ओलांडायला फार वेळ लागत नाही.

यासाठी तीन जोडण्या करा. आयसीच्या १५ आणि १३ नंबरच्या पायांना सप्लाय देताना मधे १एन ४००७ डायोड घाला आणि डायोडनंतर ४७० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा कपॅसिटर. बॅटरीचं व्होल्टेज क्षणभर आपटलं तरी डायोड मागे करंट जाऊ देत नाही आणि आयसी त्या कपॅसिटरवर तग धरतो. दुसरं, सेंटर टॅप आणि मॉसफेटचे सोर्स यांच्यामध्ये ४७०० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचे दोन कपॅसिटर, पाय जितके आखूड ठेवता येतील तितके. हे वायरीच्या मागे बॅटरीजवळ लावून उपयोग नाही, मॉसफेटला चिकटूनच पाहिजेत. तिसरं, प्रायमरीच्या, म्हणजे १२ व्होल्टच्या बाजूच्या, दोन टोकांत १० ओहम ५ वॉट आणि ०.२२ मायक्रोफॅरड मालिकेत. हा आकडा ट्रान्सफॉर्मरप्रमाणे थोडा बदलतो, पण सुरुवातीला चालेल.

आयसीचे आणखी दोन पाय बघून घ्या. ८ नंबरला १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ग्राउंडला असेल तर आउटपुट अर्ध्या-पाऊण सेकंदात हळूहळू वाढतं आणि ट्रान्सफॉर्मरला झटका बसत नाही. १० नंबरचा पाय मोकळा सोडला असेल तर त्याला १० के (१० हजार ओहम) रेझिस्टरने ग्राउंड करा. तो बंद करण्याचा पाय आहे, मोकळा असला की गोंगाट पकडतो आणि आयसी मधेच अडखळतो. ५ नंबरचा कपॅसिटर ०.१ मायक्रोफॅरडचा असेल तर ६ नंबरला १४२-१४३ के लागतात, म्हणजे १०० के फिक्स आणि ५० केचा प्रीसेट. या आयसीचा ऑसिलेटर (पल्सचा ठेका देणारा भाग) आउटपुटच्या दुप्पट चालतो. ४ नंबरला १०० हर्ट्झ मोजले की ट्रान्सफॉर्मरला ५० मिळतात. हा कपॅसिटर चपटा सिरॅमिक डिस्क असेल तर काढून टाका आणि पॉलिएस्टरचा घाला. मे महिन्यात आपल्याकडे पत्र्याच्या शेडमध्ये जी भट्टी पेटते, त्यात सिरॅमिकची किंमत बदलते आणि फ्रिक्वेन्सी सरकत जाते. फ्रिक्वेन्सी खाली गेली की कोअर भरतो, नो-लोड करंट वाढतो, आणि दोष मात्र मॉसफेटवर येतो.

एकाच बाजूचे मॉसफेट तापतात, हा तुमच्या प्रश्नातला मला सर्वात महत्त्वाचा धागा वाटतो. एसजी ३५२५ च्या आत फ्लिप-फ्लॉप आहे, दोन्ही बाजूंना तो सारख्याच रुंदीच्या पल्स देतो. त्यामुळे फरक आयसीच्या पुढे पडतोय. लोड काढून मीटर डीसीवर ठेवा आणि दोन्ही बाजूंच्या गेटवर मोजा. पल्स निम्मा वेळ असते, म्हणून दोन्हीकडे पाच व्होल्टच्या आसपास आकडा येईल. दोघांत ०.२ पेक्षा जास्त फरक असेल तर त्या बाजूचा गेट रेझिस्टर, सोल्डर आणि गेट-सोर्समधला १० के तपासा. प्रत्येक मॉसफेटला स्वतःचा २२ ओहमचा गेट रेझिस्टर पाहिजे. दोघांत एकच घातला असेल तर बदला.

गेट सारखे निघाले तर ट्रान्सफॉर्मरकडे वळा. तो सर्किटमधून सोडवा, २३० च्या बाजूला सिरीज बल्बमधून मेन्स द्या आणि १२ च्या दोन्ही अर्ध्या वायंडिंगवर एसी मोजा. १३.१ आणि १३.१ आले तर उत्तम. १३.१ आणि १२.६ असे आले तर वेढे सारखे नाहीत. मग प्रत्येक सायकलला कोअर थोडा-थोडा एका बाजूला चुंबकित होत जातो, शेवटी भरतो, आणि त्या बाजूचा करंट एकदम उसळतो. अँप्लिफायरमध्ये या फरकाने काही बिघडत नाही, म्हणून तिथे कुणी लक्ष देत नाही. इन्व्हर्टरसाठी रिवायंडिंग करून घ्यायचं असेल तर कारागिराला सांगा की प्रायमरीच्या दोन्ही वायरी हातात एकत्र धरूनच गुंडाळायच्या. मग वेढेही सारखे येतात आणि गळतीही कमी राहते.

चारही मॉसफेट एकाच अॅल्युमिनियमवर बसवले असतील तर अभ्रकाचं पान आणि स्क्रूचं प्लास्टिक बुश नीट आहे का बघा. मॉसफेटची पाठ म्हणजे ड्रेन. दोन बाजूंचे ड्रेन पत्र्यातून जोडले गेले की ट्रान्सफॉर्मरचे दोन अर्धे एकमेकांना रद्द करतात आणि बॅटरीला सरळ शॉर्ट मिळतो.

बनावट मॉसफेट ओळखायची एक खात्रीची रीत आहे. मोटारीच्या हेडलाईटचा ५५ वॉटचा बल्ब घ्या. बॅटरी प्लस ते बल्ब, बल्बपासून ड्रेन, सोर्स बॅटरी मायनसला. गेट १ के रेझिस्टरमधून प्लसला जोडा. बल्ब लागेल आणि साडेचार अँपिअर वाहतील. आता ड्रेन आणि सोर्सच्या पायांवर, प्लास्टिकच्या अगदी मुळाशी, मिलिव्होल्ट मोजा. खरा ३२०५ चाळीसच्या आत-बाहेर दाखवतो. शंभरच्या वर गेला तर आत दुसरंच काहीतरी लहान चिपडं आहे आणि वर नंबर छापलाय. मी नवीन पाकीट आणलं की प्रत्येक नग असाच तपासतो. त्याला एका नगामागे अर्धा मिनिट लागतो.

दुरुस्तीनंतर पहिल्यांदा चालू करताना तोच हेडलाईटचा बल्ब बॅटरीच्या प्लस वायरीत मालिकेत घाला. लोड लावू नका. बल्ब मंद लाल किंवा अजिबात न लागता इन्व्हर्टर चालू झाला तर ठीक. बल्ब भक्क लागला तर कुठेतरी शॉर्ट आहे, पण पाच अँपिअरच्या वर करंट जाणार नाही आणि मॉसफेट वाचतील.  मग बल्ब काढा आणि मीटरच्या १० अँपिअरच्या रेंजवर नो-लोड करंट मोजा. एवढ्या ट्रान्सफॉर्मरला एक-सव्वा अँपिअर मी योग्य समजतो. तीनच्या पुढे असेल तर लोड लावू नका, आधी फ्रिक्वेन्सी आणि वायंडिंग बघा. सगळं बरोबर असेल तर ४० वॉटचा बल्ब, मग १०० वॉटचा, आणि प्रत्येक पायरीला दहा मिनिटं थांबून हीटसिंकला हात. हात लावताना इन्व्हर्टर बंद करा. १२ व्होल्टपासून बनलं म्हणून आउटपुटचे २३० कमी मारत नाहीत.

हे सगळं केल्यावर काय चालेल? दहा अँपिअरच्या वायंडिंगमधून पुश-पुलमध्ये बॅटरीचे चौदाएक अँपिअर निभावतात, म्हणजे दीडशे वॉट. त्याच्या पुढे जाऊ नका, मॉसफेट कितीही असोत. एलईडी टीव्ही, मोबाइल चार्जर, चांगल्या ड्रायव्हरचे एलईडी बल्ब चालतील. अगदी स्वस्त एलईडी बल्ब आणि झिरोचे दिवे, ज्यांच्या आत नुसता कपॅसिटर असतो, ते चौकोनी लहरीवर जातात, कारण लहरीच्या प्रत्येक उभ्या कडेला कपॅसिटर मोठा करंट ओढतो. पंख्याची घूं घूं वायर बदलून कमी होईल, थांबणार नाही. ती चौकोनी लहरीची आहे. पंख्याला रेग्युलेटर असेल तर तो काढून थेट चालवा. मिक्सर, फ्रिज, पाण्याची मोटर विसरा. मोटर सुरू होताना पाच-सहा पट करंट मागते. शुद्ध साइनसाठी तयार ड्रायव्हर बोर्ड बाजारात मिळतात, पण त्यांना १२ व्होल्टवर साडेसात-आठ व्होल्टचं एकच वायंडिंग लागतं, तुमचा ट्रान्सफॉर्मर चालणार नाही. आधी हा नीट चालू द्या.

बॅटरीबद्दल एक विनंती. ट्रॅक्टरची बॅटरी स्टार्टर मारण्यासाठी बनलेली असते, पातळ प्लेटांची. रोज खोलवर उतरवली तर एका हंगामात बसते. लोडवर ११.५ च्या खाली जाऊ देऊ नका, आणि पुढे पैसे जमले की ट्युब्युलर घ्या. आणखी एक हिशेब करून बघा. इन्व्हर्टर नुसता चालू राहिला तरी सतत सव्वा अँपिअर खातो, रात्रीच्या दहा तासांत साडेबारा अँपिअर-तास. तुम्हाला आखाड्यावर रात्रभर फक्त एक दिवा आणि पंखा हवा असेल तर १२ व्होल्टचा डीसी एलईडी आणि डीसी पंखा थेट बॅटरीवर लावा. त्याच बॅटरीवर जवळजवळ दुप्पट वेळ निघेल. इन्व्हर्टर टीव्हीपुरता चालू करा.

शेवटची गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. इन्व्हर्टरचं आउटपुट आखाड्याच्या बोर्डात द्यायचा विचार असेल, आणि त्याच बोर्डात महावितरणची लाईन येत असेल, तर मधे दोन पोलचा चेंजओव्हर (एका वेळी एकच सप्लाय जोडणारा स्विच) घातल्याशिवाय जोडू नका. पिन उलटी करून सॉकेटमध्ये खुपसणं तर कधीच नको. डीपीवरचा फ्यूज काढलेला असेल तर शेजाऱ्यांच्या लोडखाली तुमचा इन्व्हर्टर कदाचित बंद पडेल. पण लाईनमन पोलवर चढून तुमचीच सर्व्हिस वायर सोडवत असेल, तर त्याच्या हातात पूर्ण २३० येतात, आणि त्याने तर खाली लाईन बंद करून घेतलेली असते. फेज आणि न्यूट्रल दोन्ही तुटले पाहिजेत, एक पोल पुरत नाही. पैशांअभावी चेंजओव्हर जमत नसेल तर इन्व्हर्टरला वेगळा सॉकेट द्या, बोर्डाशी संबंधच ठेवू नका.

आता तुमच्याकडून मला चार रीडिंग हवी आहेत: लोडवर प्लसच्या खांबापासून सेंटर टॅपपर्यंतचा ड्रॉप, मायनसच्या खांबापासून सोर्सपर्यंतचा ड्रॉप, दोन्ही गेटवरचं डीसी आणि ट्रान्सफॉर्मरच्या दोन्ही अर्ध्यांचं एसी. ऊन उतरल्यावर घ्या, दुपारी पत्र्याखाली हीटसिंक तसाही तापलेला असतो आणि काही कळत नाही. बाकी काही राहिलं तरी चालेल, पण ट्रान्सफॉर्मरचे दोन आकडे नक्की कळवा. एका बाजूच्या गरमीचं उत्तर बहुतेक त्यातच निघेल.